पाटी नसलेलं सॉकेट

आधीच सांगून ठेवते, मी या सदराची नेहमीची वाचक नाही. आमच्या भाचेसुनेने मध्यंतरी इथले दोनचार अनुभव मला पाठवले होते. तेव्हा मी तिला कळवलं होतं की घाटात लिफ्ट मागणारी बाई, पैंजणांचा आवाज आणि पिंपळ, हे तिन्ही वगळून काही असेल तरच पाठव. त्यानंतर तिने काही पाठवलं नाही. आता मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर ती हसणार. हसू दे.

माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपार आहे, विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीचं पार्किंग आहे, आणि एक सॉकेट आहे. सहा अँपिअरचं, पांढरं, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं तसलं.

मी वीजखात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस मीटर तपासण्यात. "मॅडम, घर बंद असताना आमचा मीटर पळतो, घरात काहीतरी आहे" अशा तक्रारी घेऊन माणसं यायची. मी जायची, आणि दर वेळी त्या 'काहीतरी'च्या जागी शेजाऱ्याने टाकलेली वायर निघायची. आमच्या तपासणी अहवालात शेवटचा रकाना असायचा - 'कारण'. तो रिकामा ठेवून मी एकही कागद कधी वर पाठवला नाही. तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता असं म्हणणंही जास्त होईल. मला त्या विषयाचा कंटाळा होता, इतकंच.

तर आता गाडीबद्दल... कारण सगळा वैताग तिथूनच सुरू होतो.

आम्ही कर्वेनगरला राहतो. मी, आमचे हे आणि माझे बाबा. ह्यांचं नाव विद्याधर. एका कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झाले, पण स्टोअर्स काही ह्यांच्यातून निवृत्त झालं नाही. आमच्या घरात हळदीच्या डब्यावर 'हळद' आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा' असं लिहिलेलं असतं. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपासून फुप्फुसांनी हात टेकल्यामुळे त्यांना चोवीस तास ऑक्सिजन लागतो. त्यासाठी एक कॉन्सन्ट्रेटर आहे - खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं यंत्र. सोळा किलोचं, चाकांवरचं, घरघर करणारं. त्याला बॅटरी नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आतापर्यंत ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्याने पहिला प्रश्न "बॅटरी असेल हो" असाच विचारला आहे. नाही. वीज गेली की ते एकदा जोरात 'पीं' करतं आणि गप्प होतं. मग दहा मिनिटांत बाबांचा ऑक्सिजन त्र्याण्णववरून ब्याऐंशीवर येतो, ओठ निळे पडायला लागतात. हे मी स्वतः पाहिलं आहे, दोनदा.

बाबांची मोठी बहीण, माई आत्या, विश्रांतवाडीला मुलाकडे राहायची. चौथा मजला, वय पंच्याऐंशी, कानांनी अधू. फोनवर तिला "कशी आहेस?" विचारलं की ती "नाही, अजून चहा नाही झाला" म्हणायची. कुठल्याही वाहनात बसली की तिला गरगरायचं, म्हणून ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती. बाबा यंत्राला बांधलेले, म्हणून ते तिकडे जाऊ शकत नव्हते. एकाच शहरात राहून दोन वर्षं दोघांची भेट नाही.

बाबांनी तिला भेटायचंय असं म्हणणं काही नवीन नव्हतं. पण गेल्या वर्षी एक दिवस ते म्हणाले, "मला तिच्या समोर बसून एक गोष्ट सांगायची आहे. चिठ्ठीत लिहिण्यासारखी नाही आणि फोनवर तिला ऐकू येत नाही. आता फार दिवस नाहीत." मला साधारण अंदाज होता. आत्या मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पण कॉलेज सोडून टायपिस्टची नोकरी धरली, म्हणून बाबा पुढे इंजिनिअर होऊ शकले. या विषयावर दोघं साठ वर्षांत एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

डॉक्टरांनी एकच अट घातली - "वीज शंभर टक्के असेल तिथेच न्या." आत्याच्या इमारतीत तशी खात्री नव्हती. मधूनमधून वीज जायची, मग लिफ्टही बंद, आणि जिना बाबांना शक्यच नव्हता. ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की आपण चाकावरचं घर करू. शाळेची एक जुनी मिनीबस मिळते आहे, तिच्यात पलंग, ओटा, बॅटऱ्या, इन्व्हर्टर सगळं बसवू. बाबा त्यांच्या यंत्रासकट आत्याच्या दारात जातील, आत्या लिफ्टने खाली येईल, भेट होईल. मग वर्षभर आपणही हिंडू.

कल्पना चांगली होती. अजूनही म्हणते. पण ती ह्यांची कल्पना होती, त्यामुळे तिच्यात आणखी कल्पना शिरायला लागल्या.

गाडीचं काम हिंजवडीच्या पलीकडे एका शेडमध्ये चाललं होतं. दर शनिवारी मुलाला बाबांजवळ बसवून आम्ही कर्वेनगरहून तिथे जायचो. जाताना दीड तास, येताना कंपन्यांच्या बसच्या मागे दोन तास. मूळ आराखड्यात सॉकेट दोन होती - एक बाबांच्या यंत्रासाठी, एक बाकीच्यांसाठी. पहिल्या शनिवारी हे म्हणाले, लॅपटॉपला वेगळं हवं. दुसऱ्या शनिवारी औषधांचा छोटा फ्रिज आठवला. तिसऱ्या शनिवारी किटली आली. मी विचारलं, "पाणी गॅसवर तापत नाही का?" तर म्हणाले, "तू वीजखात्यात असून असं बोलतेस?" मग किटलीला वाईट वाटू नये म्हणून मिक्सर. मी सरळ सांगितलं, सहा. त्यापुढे एक नाही.

आणि सुताराने भोकं पाडली सात. कारण ह्यांनी आराखडा मोबाईलवर पाठवला, मग सुधारित आराखडा पाठवला, आणि सुताराने दोन्ही पाळले.

सातवं भोक दाराजवळच्या बाकाखाली, गुडघ्याच्या उंचीला होतं. वायरिंग करणारे बाळूभाऊ तिकडच्याच गावातले, कामाला चोख, बोलायला कमी.

"ताई, हितं मागं पाण्याची टाकी हाय. वायर न्यायची नाय हितं. आधीच सांगतो."

"नका नेऊ. पण भोक झाका. सगळी फळी चकचकीत आणि मधेच एक भगदाड... डोळ्यांना खुपतं."

"कोरी प्लेट नाय आत्ता. नुसतं सॉकेटच बसवून देऊ का? मागं काय नाय, आपलं दिसायला."

"चालेल," मी म्हणाले.

हे 'चालेल' माझं. ह्यांचं नाही, बाळूभाऊंचं नाही. खात्यात एखाद्या हाताखालच्या माणसाने भोक झाकायला न जोडलेलं सॉकेट लावलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता. पण स्वतःच्या गाडीत मला फळी चांगली दिसायला हवी होती.

गाडी घरी आल्यावर ह्यांनी पाट्या लावल्या. प्रत्येक सॉकेटवर एक, छापून, वर प्लास्टिकचं वेष्टण घालून. एकवर 'लॅपटॉप. फक्त.' दोनवर 'मोबाईल. एका वेळी एक.' तीनवर 'बाबांचे यंत्र. इतरांनी हात लावण्याचे कारण नाही.' चारवर 'फ्रिज. काढू नये. का, ते विचारू नये.' पाचवर 'किटली. मिक्सर चालू असताना नाही.' सहावर 'मिक्सर. पाच वाचा.'

मी म्हटलं, "ही गाडी आहे की तहसील कचेरी? आत बसणारी माणसं आपल्याच घरातली आहेत."

"म्हणूनच लावल्यात," हे म्हणाले.

त्यावरून आमची जुंपली. भांडणाच्या शेवटी मला आठवलं, म्हटलं, "आणि सातवर 'बंद आहे' अशी एक लावा. त्याला खरंच गरज आहे."

हे चिडले की मला 'आपण' म्हणतात. म्हणाले, "सात हे आपल्या सौंदर्यदृष्टीचं काम आहे. पाटी आपणच लावावी."

मग मीही लावली नाही. म्हटलं, बघू कोण आधी लावतं. साठीला आलेली दोन माणसं, एका पाटीवरून आठ दिवस अबोला. लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिलं नाही तर पुढचं कळणार नाही.

ह्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. बाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा. घरातून निघालो की कुलूप लावण्याआधी हात आपोआप मेनकडे जातो. या सवयीपायी मी फ्रिजसाठी आणि बाबांच्या यंत्रासाठी वेगळी लाइन काढून घेतली आहे. गाडीतही पायरीपाशीच एक लाल दांडीचा मेन होता. तो आडवा केला की बॅटरीकडून येणारं सगळं बंद - दिवे, पंखा, इन्व्हर्टर, सगळी सॉकेट.

आता तो दिवस.

गुरुवार होता. अकरा चाळीसला गाडी आत्याच्या सोसायटीत एका गुलमोहराच्या सावलीत लागली. यंत्र तीन नंबरला लावलेलं, व्यवस्थित चालू. यंत्राच्या पाठीवर एक छोटा तासमीटर असतो, ते एकूण किती तास चाललं ते दाखवणारा. मला मीटर दिसला की वाचायची सवय आहे, आणि वाचला की लिहायची. बाबांच्या वहीत मी लिहिलं - ११.४०, ६३१८.२. बाबांचा ऑक्सिजन त्र्याण्णव. बाबा स्वतः दर अर्ध्या तासाने बोटाला तो छोटा चिमटा लावून आकडा वहीत टिपतात, इंजिनिअर आहेत.

आत्या लिफ्टने खाली आली. नऊवारी नेसायची, हातात काठी, पिशवीत डिंकाचे लाडू. ती बाकावर बसली, बाबा समोर पलंगावर. दोघं एकमेकांकडे बघून नुसते मान हलवत राहिले. मग बाबा आम्हाला म्हणाले, "तुम्ही वर जाऊन जेवून या. आम्हाला बोलायचंय."

मी उतरले. हे माझ्या मागून उतरले. शेजारी पाण्याचा टँकर रिकामा होत होता, त्याच्या मोटरीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

वर आत्याच्या सुनेने पुरणपोळ्या केल्या होत्या. बारा वाजता सोसायटीची वीज गेली. गुरुवार म्हटल्यावर दुरुस्तीचं काहीतरी निघतंच. लिफ्ट बंद, त्यामुळे आता आत्यालाही वर येता येणार नव्हतं. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, बरं झालं, गाडीत आपली वीज आहे, बसू देत निवांत. एक वाजता मी गॅलरीतून हाक मारली, "बाबा, यंत्र चालू आहे ना?" त्यांनी दारातून हात वर केला. दोन वाजता ह्यांनी फोन केला. बाबा म्हणाले, "चालू आहे. चौऱ्याण्णव. तुम्ही झोपा काढा थोडा वेळ." मागे यंत्राची घरघर ह्यांनाही ऐकू आली.

अडीचला मी बाबांसाठी दहीभात घेऊन जिना उतरले. पायरीवर पाय ठेवला आणि लाल दांडी दिसली. आडवी.

मला पुढचा क्षण नीट सांगता येत नाही. डबा हातातून सुटला नाही एवढंच. आत बघितलं तर बाबा पलंगाला टेकून हसत होते, आत्या वर्तमानपत्राने वारा घेत होती. आणि यंत्र चालू होतं. तीन नंबर रिकामं. यंत्राची वायर आत्याच्या पायाशी, बाकाखाली, सातमध्ये.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. माझ्या पर्समध्ये टेस्टर असतो, अठ्ठावीस वर्षं असतो. तो काढून त्या सॉकेटला लावायला हवा होता. पण मी लाल दांडी उभी केली, सातमधला प्लग ओढला आणि तीनमध्ये खुपसला. यंत्र 'पीं' करून परत सुरू झालं. प्लग ओढताना सॉकेटमध्ये 'चट्' असा आवाज झाला आणि बारीकशी निळी ठिणगी दिसली. चालू लोडचा प्लग ओढला की होते तशी. ही ठिणगी मी आयुष्यात हजारदा पाहिली आहे. मग टेस्टर लावला. शून्य. मेन चालू असूनही शून्य. असणारच, मागे काही नव्हतंच.

तासमीटर वाचला. दोन चौतीस, ६३२१.१. दोन तास चोपन्न मिनिटं, म्हणजे म्हणण्यासारखा खंड नाही. बाबांच्या वहीत पाच आकडे ओळीने - त्र्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. अडीअडचणीला ठेवलेल्या छोट्या सिलिंडरचं सील तसंच्या तसं; तो पान्याने उघडायचा, दोघांनाही जमला नसता.

"हा प्लग इथे कोणी लावला?" मी मोठ्याने विचारलं. आत्याशी मोठ्यानेच बोलावं लागतं, पण हे त्याहून मोठं होतं.

"मी," आत्या म्हणाली. "तुम्ही गेलात आणि ते 'पीं' करून बंद पडलं. म्हटलं, प्लग सैल असेल, दुसरीकडे लावू. तर बाकी सगळ्यांवर काहीतरी लिहिलेलं. हे लावू नका, ते काढू नका. हे एकच बिनपाटीचं होतं. म्हटलं, उगीच विद्याधररावांची बोलणी कशाला खा."

"आणि?"

"आणि काय? लावला तर सुरू झालं. तुमचा पंखा मात्र बिघडलाय, सांगून ठेवते. बटण दाबदाब दाबलं."

तेवढ्यात हे खाली आले. मी लाल दांडीकडे नुसतं बोट दाखवलं. "मी बंद केला?" म्हणाले. आठवत नव्हतं त्यांना. हाताला आठवतं, डोक्याला नाही. ते तिथेच पायरीवर बसले. त्यांना बोलायची माझी लायकी नव्हती. त्यांनी मेन बंद केला होता खरा, पण घाबरलेल्या म्हातारीच्या हाताशी एक खोटं सॉकेट मी ठेवलं होतं. ते मेलेलं निघालं असतं तर तिने आणखी चार ठिकाणी लावून बघितलं असतं, सगळीच मेलेली, आणि बाबांकडे दहाच मिनिटं होती.

बाबांना मात्र या सगळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. "अगं, चालू होतं ना? मग ओरडतेस काय? दहीभात दे."

संध्याकाळी घरी आल्यावर मी सात नंबर उघडलं. मागचे तिन्ही स्क्रू कारखान्यातून आले तसे, कधी पिळलेलेच नाहीत. वायरीचा तुकडासुद्धा नाही. थोडा लाकडाचा भुसा आणि त्यामागे टाकीचं निळं प्लास्टिक.

आमचा मुलगा ओंकार हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. तो म्हणाला, "आई, चिल. इन्व्हर्टरचा सगळा डेटा अ‍ॅपमध्ये सेव्ह होतो. एक मिनिट." त्याने मोबाईलवर बघितलं. मग परत बघितलं. अकरा बावन्नपासून दोन चौतीसपर्यंत वापर शून्य. बॅटरीतून एक कणही गेलेला नाही.

"मग तासमीटरला बग असणार," तो म्हणाला.

"आणि बाबांच्या ऑक्सिजनलाही बग?"

"सेन्सर एरर... आय डोन्ट नो, आई." हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

बाळूभाऊंना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, सगळी फळी काढून बघितली, परत लावली. "ताई, म्या वायर टाकलीच नाय. तुमच्या देखत बसवलंय."

"मग चाललं कशावर?"

त्यांनी सातवर बोटाने टकटक केलं. "चालाया नको व्हतं. चाललं. आता त्याला हात लावू नका."

मी लावला. मला राहवेना. पुढचा आठवडा मी त्या सॉकेटमध्ये काय काय खुपसलं म्हणून सांगू - टेबललॅम्प, मोबाईल, ह्यांची ती किटली. मेन चालू ठेवून, बंद ठेवून, गाडी हलवून. शेवटी परत विश्रांतवाडीला गेले, त्याच गुलमोहराखाली गाडी लावली, बाबांना घरी ओंकारपाशी मोठ्या सिलिंडरवर ठेवून त्यांचंच यंत्र घेऊन. अकरा चाळीसला चालू यंत्राचा प्लग तीनमधून काढून सातमध्ये लावला. पीं. शांत. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, काही बिघडलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, बरोबर चाललंय." आणि मलाच माझा राग आला, कारण तेच तर दुखणं होतं.

आमच्या खात्यात एक सोपा नियम आहे. एकीकडे वीज वापरली गेली आणि दुसरीकडे दिल्याची नोंद नाही, तर त्याला चोरी म्हणतात. माझ्या बाबांनी पावणेतीन तास वीज वापरली. पण कोणाकडची? सोसायटीचीही गेलेली होती. गाडीची बाहेरून वीज घ्यायची वायर लावलीच नव्हती, ती खोक्यात गुंडाळलेली होती. चोरी झाली म्हणावी तर कोणाचं काही गेलं नाही. मी रीतसर अहवाल लिहिला, माझ्या समाधानासाठी. वेळा, आकडे, ठिकाण, साक्षीदार. शेवटचा रकाना आला आणि पेन तिथेच राहिलं.

दिवाळीच्या दहा दिवस आधी माई आत्या गेली. झोपेतच. ती दुपारची भेट शेवटची ठरली.

तिच्या तेराव्यानंतर मी बाबांना विचारलं, "तुम्ही तिला जे सांगायचं होतं ते सांगितलंत ना, त्या दिवशी?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

बाबांनी नाकातली नळी सारखी केली. म्हणाले, "पहिल्यांदा ऐकूच आलं नाही तिला. मग परत सांगितलं. तेही नाही. तिसऱ्यांदा अगदी कानाशी जाऊन सांगितलं. एवढं बोलायला मला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे, मधेमधे दम खावा लागतो. तर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, दत्तू, एवढंसं सांगायला एवढी मोठी गाडी कशाला केलीस?" आणि ते हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मीही रडले. यंत्र आपलं घरघरत होतं.

पावणेतीन तास लागले त्यांना. दहा मिनिटांत झालं नसतं.

यानंतर साधारण आठवड्याने मी गाडी पुसायला गेले. बाकाखाली वाकले तर सातवर पाटी होती. छापलेली, प्लास्टिकच्या वेष्टणात, चारी कोपऱ्यांना नीट चिकटवलेली. ह्यांनी मला सांगितलं नव्हतं, मीही नंतर विचारलं नाही.

'या सॉकेटला वीज नाही. एकदा होती.'

ह्यांच्या प्रत्येक पाटीवरून मी ह्यांच्याशी भांडले आहे, हळदीच्या डब्यापासून. ही एक पाटी मी दोनदा वाचली, वरची धूळ पुसली आणि तशीच राहू दिली. घरी येऊन अहवाल काढला आणि शेवटच्या रकान्यात तेच लिहिलं.